चर्चा: भावनेला हात घालणारा युक्तिवाद संशयितच धरावा का?

कोरडाठाक (धागाकर्ता)

कुणी माझ्या भावनेला हात घातला की माझा हात आधी खिशाकडे जातो.

माझं म्हणणं सरळ आहे. जिथे सगळ्यांच्या वतीने निर्णय होतो, म्हणजे न्यायालय, विधिमंडळ, वैद्यकीय सल्ला, युद्धाचा ठराव, अशा ठिकाणी मन वळवण्याच्या क्लृप्त्या वापरूच नयेत. कुणी वापरल्याच तर ऐकणाऱ्याने त्या बोलण्याचं वजन आपोआप कमी धरावं.

अॅरिस्टॉटलने इ.स.पू. चौथ्या शतकात 'ऱ्हेटॉरिक' या वक्तृत्वावरच्या ग्रंथात पटवण्याची तीन साधनं सांगितली: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याची भावना आणि प्रत्यक्ष युक्तिवाद. एथॉस, पेथॉस, लोगॉस. सादरीकरण शिकवणाऱ्या प्रत्येक कार्यशाळेत ही त्रयी प्रसादासारखी वाटतात. पण त्याच ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात तो असंही म्हणतो की न्यायाधीशाच्या मनात राग, मत्सर किंवा दया उत्पन्न करून त्याला वळवणं म्हणजे ज्या पट्टीने मोजायचं तीच आधी वाकवून ठेवणं. हे कार्यशाळेत कुणी सांगत नाही.

माझी चाचणी अशी. भाषण घ्या. त्यातली विशेषणं काढा, 'आपण सगळेच जाणतो' काढा, ज्यांना उत्तर नकोच आहे असे प्रश्न काढा. तीनदा आलेलं वाक्य एकदाच ठेवा. मग जे उरेल त्यावर मत बनवा. काहीच उरलं नाही तर समजा, इतका वेळ तुम्ही गाणं ऐकत होता.

विरोधी मतांचं स्वागत. फक्त 'माणूस हा भावनाशील प्राणी आहे' एवढंच लिहायचं असेल तर ते मला मान्य आहे, तसदी घेऊ नका.

रिकामटेकडा

तीन वेळा 'काढा'. एकदाच ठेवायचं होतं ना? चाचणी धाग्यापासूनच सुरू करू या म्हणतो. बाकी मी कुंपणावर.

कोरडाठाक

ठेवतो एकदाच. मुद्दा जागचा हलला का? नाही. मग धागा चाचणीत पास.

दुसरीबाजू
विषय: अर्धाच अॅरिस्टॉटल

पट्टीचं वाक्य आहे खरं, पण ते कुणाला उद्देशून आहे ते तुम्ही गाळलंत. त्याच्या आधीच्या लोकांनी वक्तृत्वाची जी हस्तपुस्तकं लिहिली, त्यांत खटला बाजूला ठेवून न्यायाधीशाला पाझर कसा फोडायचा यावरच भर होता. टीका त्यांच्यावर आहे. अथेन्समधल्या अरिओपॅगसच्या न्यायालयात विषय सोडून बोलायला बंदी होती, ती त्याला योग्य वाटते. म्हणजे त्याचा आक्षेप विषयाबाहेर जाण्याला आहे.

आणि पुढे दुसऱ्या भागात हाच माणूस राग, भीती, लाज, दया एकेक करून घेऊन बसतो. राग कुणावर येतो, कशाने येतो, कुठल्या मनःस्थितीत येतो. दया येते ती वाट्याला यायला नको होतं अशा दुःखाची, असं तो म्हणतो. म्हणजे दयेच्या पोटात एक विधान दडलेलं आहे: 'या माणसावर हे यायला नको होतं.' ते खरं असेल किंवा खोटं असेल, पण तपासता येतं. तुम्ही मात्र भावना म्हणजे विचाराला चढलेला ताप असं धरून चाललात.

तुमची चाचणी एका वाक्यावर चालवू. 'वायुगळती सुरू झाली तेव्हा वस्तीतली माणसं झोपेत होती.' यातलं 'झोपेत होती' काढायचं का? चटका तर तेच लावतं. पण झोपेत होती म्हणून पळता आलं नाही. धोक्याचा भोंगा वाजला होता का, वाजला असेल तर किती वाजता, हे प्रश्नही त्याच दोन शब्दांपासून सुरू होतात. तिथे जे जिव्हारी लागतं तोच पुरावा आहे. गाळलंत तर वाक्य कोरडं होईल आणि खोटेपणाकडे एक पाऊल सरकेल.

वाचनवेडी

मी कोरडाठाक यांच्या बाजूने. हवेतल्या गप्पा नकोत म्हणून एक घडलेलं प्रकरण ठेवते.

१० ऑक्टोबर १९९०. इराकने कुवेत घेतल्याला दोन महिने झाले होते. अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांनी चालवलेल्या एका मानवी हक्क गटासमोर १५ वर्षांची कुवेती मुलगी रडत रडत सांगते: मी इस्पितळात स्वयंसेविका होते, इराकी सैनिक बंदुका घेऊन आत आले, अपुऱ्या दिवसांची बाळं उबेच्या पेट्यांतून (इन्क्युबेटर) काढली आणि गार फरशीवर मरायला टाकली. घरच्यांना धोका नको म्हणून तिचं पूर्ण नाव सांगितलं गेलं नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ही गोष्ट अनेकदा सांगितली, सिनेटच्या चर्चेतही ती आली. १२ जानेवारी १९९१ ला सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी बळाच्या वापराला मंजुरी दिली.

वर्षभराने, जानेवारी १९९२ मध्ये, बाहेर आलं की ती मुलगी अमेरिकेतल्या कुवेती राजदूतांची कन्या. तिची साक्ष घडवून आणणाऱ्या मोहिमेमागे एक जनसंपर्क कंपनी होती आणि कंपनीला पैसा कुवेतकडून येत होता. पेट्यांच्या गोष्टीला पुरावा सापडला नाही.

युद्ध एवढ्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही. पण ५२-४७ मध्ये कुणाचं मत कशाने सरकलं हे कोण सांगणार?

दुसरीबाजू

प्रकरण भयंकर आहे, वादच नाही. पण ते खोटं बोलणं होतं. खोटं रडून सांगा की तक्ता काढून सांगा, खोटंच. फुगवलेल्या ताळेबंदांनी माणसं देशोधडीला लागली म्हणून कुणी बेरजेवर बंदी घाला म्हणत नाही.

कोरडाठाक

फरक आहे, आणि तो मोठा आहे. कुणी तक्ता दाखवला की 'हा आकडा कुठून आणला?' असं विचारायला कुणाला संकोच वाटत नाही. समोर पोर रडत असताना तोच प्रश्न विचारणारा दगड ठरतो. भावनेचा आधार घेतला की पुरावा मागणाऱ्यालाच आधी स्वतःची सफाई द्यावी लागते. खोटं बोलणारे नेमकी हीच जागा का निवडतात ते सांगा.

सांख्यिकी_मास्तर
विषय: तक्ते इतके साधे असते तर

तक्त्याला कुणी भुलत नाही, हे ऐकून मौज वाटली.

ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग. एका साथीत ६०० माणसं दगावतील असा अंदाज आहे. उपाय पहिला: २०० जण नक्की वाचतील. उपाय दुसरा: सगळे ६०० वाचण्याची शक्यता एक तृतीयांश, कुणीच न वाचण्याची दोन तृतीयांश. ७२ टक्के लोकांनी पहिला निवडला. दुसऱ्या गटाला हेच उपाय मृत्यूच्या भाषेत सांगितले: पहिल्यात ४०० जण नक्की मरतील, दुसऱ्यात कुणीच न मरण्याची शक्यता एक तृतीयांश, सगळे मरण्याची दोन तृतीयांश. आता ७८ टक्के लोक दुसऱ्याकडे गेले. विशेषण एकही नाही, रडणं नाही, आकडे शेवटपर्यंत बरोबर.

पुढच्याच वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया की किरणोपचार, या प्रश्नावर असाच अभ्यास झाला. 'इतके टक्के जगतात' ऐवजी 'इतके टक्के मरतात' असं लिहिल्यावर शस्त्रक्रियेची पसंती घसरली. उत्तरं देणाऱ्यांत डॉक्टरही होते, तेही घसरले.

आता कोरडाठाक, यातलं काय काढणार? 'वाचतील' लिहिलं तरी मन एका बाजूला कलतं आणि 'मरतील' लिहिलं तरी कलतं, आणि दोन्ही गाळून वाक्य होत नाही. तुमच्या चाचणीत जे उरतं ते निर्मळ असतं हे गृहीतच डळमळीत आहे.

कोरडाठाक

दोन्ही लिहा. '६०० पैकी २०० वाचतील, ४०० मरतील.' झालं. हाच तर माझा मुद्दा आहे: कल लक्षात आला की तो काढून टाकायचं काम बोलणाऱ्याने करावं. अवघड आहे म्हणून करू नये असं कुठे आहे?

सांख्यिकी_मास्तर

हे उत्तर मला आवडलं. पण ही वेगळी मागणी झाली. मूळ धाग्यात तुम्ही वगळायला सांगत होता, इथे भर घालायला सांगताय.

रात्रपाळी

मी रुग्णालयात काम करते, त्यामुळे माझ्या ओळखीचं सांगते.

व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ च्या मे महिन्यात, शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. त्या विभागातलं बाळंतिणींच्या मृत्यूंचं प्रमाण एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या वर होतं, जूनमध्ये ते २ टक्क्यांच्या आसपास आलं. याहून स्वच्छ लोगॉस कुठे मिळणार? तरी त्याच्या हयातीत बहुतेक प्रस्थापितांनी ते मानलं नाही. आकडा स्वतःच्या पायाने चालत जात नाही, त्याला कुणीतरी न्यावं लागतं.

आता याच कामाचं अलीकडचं. २०११ मध्ये ग्रँट आणि हॉफमन यांचा अभ्यास आला. रुग्णालयात साबण आणि जेलच्या डब्यांवर पाट्या लावल्या. एक पाटी: 'हात स्वच्छ ठेवल्याने तुम्हाला आजार होत नाहीत.' दुसरी: 'हात स्वच्छ ठेवल्याने रुग्णांना आजार होत नाहीत.' पहिलीने काही फरक पडला नाही. दुसरीने साबण-जेलचा वापर वाढला. दोन्ही वाक्यं खरी आहेत, दोन्हींत माहिती तेवढीच, आणि ती वाचणाऱ्या प्रत्येकाला आधीपासून ठाऊक. दुसरी पाटी सरळ सरळ जबाबदारीच्या भावनेला हात घालते. ती तिथून काढून टाका असं मला कुणी सांगावंच.

कोरडाठाक

पाटीबद्दल: ठेवा. तो सार्वजनिक निर्णय नाही. निर्णय आधीच झालेला आहे, आता फक्त तो पाळायला लावायचा आहे. तिथे भावना लावा, हरकत नाही.

सेमेलवाइसबद्दल मात्र सगळी गोष्ट सांगा. त्याने आपलं पुस्तक काढलं १८६१ मध्ये, म्हणजे चौदा वर्षं उशिरा. आणि नंतर विरोधकांना जी जाहीर पत्रं लिहिली त्यांत त्यांना खुनी म्हटलं. भावनेला हात घालायला तो कमी पडला नव्हता. उलट पुरावा नीट मांडून वेळेवर छापायला कमी पडला.

रात्रपाळी

खुनी म्हणून कुणाचं मन वळतं का? त्याला भावनेला हात घालणं नाही म्हणत, अंगावर धावून जाणं म्हणतात. ज्या डॉक्टरला मान्य करायचंय की आपल्याच हातांनी बायका दगावल्या, त्याला मागे फिरायला वाट ठेवावी लागते. ती ठेवणं हे पटवण्याचं कौशल्य. सेमेलवाइसकडे तेच नव्हतं.

उशीर झाला हे मान्य.

वाचनवेडी
विषय: अलंकारांचं काय?

सगळे भावनेवर अडकलेत. धाग्यात क्लृप्त्या असा उल्लेख आहे, त्यात यमक, अनुप्रास, पुनरुक्तीही येतात. भावनेच्या पोटात विधान असतं हे दुसरीबाजू यांचं म्हणणं एकवेळ मानू. यमकाच्या पोटात काय असतं? काही नाही. तरी ते पटतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना अनोळखी म्हणी दिल्या, काही मूळ यमकासह आणि काही अर्थ तोच ठेवून यमक मोडलेल्या. यमकातल्या म्हणी लोकांना जास्त खऱ्या वाटल्या. आणि पुनरुक्तीबद्दल १९७७ पासून माहीत आहे की तेच विधान काही दिवसांच्या अंतराने पुन्हा कानावर पडलं तर ते अधिक खरं वाटतं. खोटं विधानसुद्धा.

म्हणजे घोषणा यमकात का असतात आणि दिवसभर का वाजतात हे कळलं. इथे तरी कोरडाठाक यांची चाचणी लागू आहे की नाही?

दुसरीबाजू

घोषणांना लागू आहे. भाषणाला सरसकट नाही. वाचणारा मागचं पान उलटतो, ऐकणाऱ्याकडे ती सोय नसते. पुनरुक्ती ही त्याच्यासाठी खुंटी आहे.

४ जून १९४० चं चर्चिलचं भाषण घ्या. सगळ्यांना त्यातलं शेवटचं 'आम्ही लढू, आम्ही लढू' तेवढं आठवतं. पण त्याआधी तो काय सांगतो? फ्रान्सच्या डंकर्क बंदरातून साडेतीन लाखांच्या जवळपास सैनिक सुटून आले खरे, पण माघारीने युद्धं जिंकली जात नाहीत. ३०,००० हून अधिक माणसं मेली, जखमी झाली, हरवली. हजारभर तोफा गेल्या. ही झाली लष्करी नामुष्की, आणि ती तो नामुष्की म्हणूनच मांडतो. मग ती पुनरुक्ती येते. कोरडाठाक यांच्या चाचणीत या भाषणातून भरपूर उरतं. पण उरलेल्यातून पुढचा संकल्प निघत नाही. हरल्याचे आकडे नुसते वाचून दाखवले असते तर तह करा असाही निष्कर्ष निघाला असता.

अवांतर: लोकांनी त्या दिवशी ते त्याच्या आवाजात ऐकलंच नाही. बोलला तो सभागृहात, रेडिओवर निवेदकाने उतारे वाचले. आज आपण ऐकतो ते १९४९ मध्ये केलेलं ध्वनिमुद्रण. म्हणजे आवाजाच्या जादूचं श्रेय जरा कमी करा.

कोरडाठाक

'तह करा असाही निष्कर्ष निघाला असता.' हेच तर! पुराव्यातून जो निष्कर्ष निघत नव्हता तो लयीने काढून घेतला. योगायोगाने तो बरोबर ठरला, म्हणून आपण कौतुक करतो. हीच लय चुकीच्या संकल्पाला लावली की काय होतं ते त्याच दशकात जगाने बघितलं.

रिकामटेकडा

आता हिटलर येणार. प्रतिसाद क्रमांक बघून ठेवतो.

शिलालेख
विषय: भाषणांविरुद्धचं सगळ्यात गाजलेलं भाषण

हिटलरपर्यंत जायला नको, २४०० वर्षं मागे जाऊ. कोरडाठाक यांचा पक्ष एका माणसाने फार ताकदीने मांडून ठेवलाय आणि तो माणूस कोण हे बघण्यासारखं आहे.

इ.स.पू. ४२७. लेस्बोस बेटावरच्या मिटिलीनी शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलं, ते मोडलं गेलं. संतापलेल्या अथेन्सच्या सभेने ठरवलं की तिथले सगळे प्रौढ पुरुष मारायचे, बायका-मुलं गुलाम करायची. हुकूम घेऊन जहाज निघालं. दुसऱ्या दिवशी लोकांना वाटू लागलं की हे फार क्रूर झालं, दोषींबरोबर सगळं शहर का? पुन्हा सभा भरली. ही हकीकत ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसने लिहून ठेवली आहे.

क्लिऑन उठला. आदल्या दिवशीचा ठराव त्याचाच. तो अथेन्सवासीयांना म्हणतो की तुम्ही भाषणांचे प्रेक्षक झालात, घडलेलं डोळ्यांनी बघण्यापेक्षा त्याबद्दल कुणी छान बोललेलं तुम्हाला खरं वाटतं. दया, गोड बोलण्याचा मोह आणि औदार्य हे राज्य चालवणाऱ्याचे तीन शत्रू. झाल्या अन्यायाची धग मनात ताजी असतानाच शिक्षा द्या, थंड झाल्यावर नको. अलंकार टाका, भावना टाका म्हणणारा हा माणूस त्याच दमात त्यांचा राग पेटता ठेवायला बघतोय, आणि भाषण ऐन रंगात आलेलं आहे. थुसिडिडीसच्या मते त्या काळी लोकांवर सर्वांत जास्त छाप होती ती त्याचीच.

उत्तर दिलं डायोडोटसने. त्याने दयेची याचना केली नाही, उलट दयेने निर्णय करू नका असंच सांगितलं. चांगल्या विचाराचे दोन वैरी, घाई आणि राग. आपण न्याय करायला बसलेलो नाही, आपल्या फायद्याचं काय ते ठरवायला बसलोय. सगळ्यांनाच मारणार असाल तर उद्या बंड करणारं दुसरं शहर शरण का येईल? शेवटपर्यंत लढेल, वेढ्याचा खर्च तुमच्या माथी, आणि हाती येईल ते ओसाड गाव. हात वर झाले तेव्हा दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या होत्या. डायोडोटस थोडक्यात जिंकला. दुसरं जहाज सोडलं. पहिलं सुमारे एक दिवस-रात्र पुढे होतं. वल्हेकरी वल्ही न सोडता खात होते, पाळीपाळीने झोपत होते. पहिल्या जहाजाला अशा कामाची घाई नव्हती. सेनापतीने हुकूम वाचला होता, अंमल व्हायचा होता, तेवढ्यात दुसरं पोचलं.

(शेवट गोड नाही. क्लिऑनच्याच सूचनेवरून बंडाचे म्होरके म्हणून हजाराच्या वर माणसं मारली गेलीच.)

कोरडाठाक

शिलालेख, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोठा झालाय आणि त्याबद्दल आभार. पण तुम्ही माझ्याच बाजूने साक्ष दिलीत! पेटवणारा क्लिऑन, शांतपणे हिशेब मांडणारा डायोडोटस, आणि शहर वाचलं ते हिशेबाने.

शिलालेख

सभा पुन्हा भरली कशाने? पश्चात्तापाने. तो नसता तर डायोडोटसला बोलायला व्यासपीठच मिळालं नसतं. लोकांना दया आलेलीच होती, फक्त दयेपोटी मागे फिरलो असं म्हणायची त्यांना लाज वाटली असती. त्याने त्यांना न लाजता मागे फिरायचं कारण दिलं. रात्रपाळी यांनी वर वाट ठेवण्याबद्दल लिहिलंय ते हेच. आणि डायोडोटस स्वतःच त्या भाषणात कबूल करतो की या सभेत चांगला सल्ला देणाऱ्यालासुद्धा विश्वास बसावा म्हणून खोटं बोलावं लागतं. आता त्याचा हिशेब किती मनापासून होता ते ठरवा.

पोथीनिष्ठ

ग्रीक फार झाले. न्यायदर्शनाचा (आपल्याकडचं तर्कशास्त्र) मूळ ग्रंथ, गौतमाची न्यायसूत्रं, त्यांत याची सोय आधीच आहे. चर्चा तीन प्रकारची: तत्त्व ठरवण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचा मोडायचा ती वितंडा. छल (समोरच्याच्या शब्दांचा अर्थ मुद्दाम फिरवणं) वगैरे क्लृप्त्या जल्पात चालतात, वादात नाहीत. म्हणजे धाग्याचा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. क्लृप्ती चांगली की वाईट असं विचारू नका, कुठल्या सभेत बसलोय ते आधी विचारा.

दुसरीबाजू

पण तेच सूत्रकार पुढे म्हणतात की जल्प आणि वितंडा या तत्त्वाच्या रक्षणासाठी आहेत, उगवत्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात तशा. म्हणजे समोरचा जिंकायलाच आला असेल तर तुम्हालाही काटे लागतात. विधिमंडळात, निवडणुकीत, युद्धाच्या ठरावावर समोरचा वाद करायला आलाय की जल्प, हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

पोथीनिष्ठ

मान्य. म्हणून मध्यस्थ लागतो. तो नसेल तर सभा नाही, बाजार.

कोरडाठाक

मध्यस्थ नसतो हीच तर अडचण. मी आता माझा मुद्दा असा मांडतो: बोलणाऱ्याने काय गाळावं हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा, ऐकणाऱ्याला एक रात्र मिळावी. अथेन्सला मिळाली म्हणून शहर वाचलं. मोठ्या भाषणानंतर त्याच बैठकीत मतदान नको.

वाचनवेडी

तुमच्याच बाजूची असून विरोध करते. मी दिलेल्या प्रकरणात १० ऑक्टोबर ते १२ जानेवारी, तीन महिने होते! एक रात्र कसली, नव्वदीच्या वर रात्री मिळाल्या. गोष्ट थंड झाली नाही, उलट सांगून सांगून पक्की झाली. १९७७ चा मुद्दा वर दिलाच आहे. वेळ दिला की लोक तपासतात हे कुठून आलं?

सांख्यिकी_मास्तर

आणि त्या तीन महिन्यांत पक्की कशाने झाली ते बघा. डिसेंबर १९९० मध्ये अॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या अहवालात आकडा आला: ३१२ बाळं. पुढच्या वर्षी संस्थेने ते मागे घेतलं, पण तोवर मतदान होऊन गेलं होतं. ३००च्या आसपास नाही, शेकडो नाही, ३१२. नावाजलेली संस्था आणि अचूक आकडा. अश्रूंवर संशय घेणारेही त्या आकड्यापुढे गप्प बसले असतील तर मला नवल वाटणार नाही.

म्हणून माझं मत असं बनलंय की या धाग्यावर आपण चुकीच्या आरोपीला धरलंय. त्या मुलीच्या रडण्यात अडचण नव्हती. ती इस्पितळातली साधी स्वयंसेविका आहे असं सगळे समजले, तिथे फसगत झाली. ती राजदूतांची मुलगी आहे एवढं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर तेच अश्रू, तेच शब्द लोकांनी किती सावधपणे ऐकले असते! तिघांतला एथॉस सगळ्यात कमी तपासला जातो. आणि अॅरिस्टॉटलच्याच मते तो जवळजवळ सर्वांत प्रभावी.

दुसरीबाजू

जपून. 'कोण बोलतंय ते आधी सांगा' हा नियम केलात तर दुबळ्याचा आवाज आधी बंद होतो. शिवाय निनावी म्हणजे लबाड असंही नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने १७८७-८८ मध्ये 'पब्लियस' या टोपणनावाने ८५ निबंध छापले गेले. मागे हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे होते. निबंधांचं वजन त्याने घटलं नाही. आणि या धाग्यावर तरी कोण खऱ्या नावाने लिहितंय?

कोरडाठाक

पब्लियस युक्तिवाद करत होता. तो कोण आहे हे कळलं नाही तरी निबंधातलं कारण तुम्ही घरी बसून तपासू शकता. ती मुलगी युक्तिवाद करत नव्हती, 'मी पाहिलं' म्हणत होती. तिथे बोलणारा हाच पुरावा. तो झाकला तर तपासायला काहीच हाती राहत नाही. टोपणनावाने मतं द्यावीत, साक्ष देऊ नये.

रिकामटेकडा

कुंपणावरून उतरतोय. मास्तरांच्या बाजूला. मूळ धागा भावनेवर होता याची आठवण फक्त करून देतो.

रात्रपाळी

कोरडाठाक, 'काहीच हाती राहत नाही' हे मला पटत नाही. आमच्याकडे नातेवाइकांच्या निनावी तक्रारी येतात. नाव नसतं, रडगाणं भरपूर असतं, आणि त्यातल्या कितीतरी खऱ्या निघतात. आम्ही नाव शोधत बसत नाही. तारीख कुठली, पाळी कुठली, खाट कितवी, सलाईन कुणी लावलं, हे बघतो. नोंदवही उघडली की दहा मिनिटांत कळतं तक्रारीत दम आहे का.

त्या प्रकरणातही हाताला लागण्यासारखं होतं की. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पेट्या मोठ्या विभागातसुद्धा मोजक्या असतात. पेटी आली की तिला वेगळी वीजजोडणी आली, प्राणवायूची नळी आली, बाळांमागे बसणारी प्रशिक्षित परिचारिका आली. ३१२ आकडा ऐकल्यावर नवजात विभागात पाळ्या केलेल्या कुणालाही विचारलं असतं, तर ती मुलगी कोण हे तिने विचारलंच नसतं. तिने विचारलं असतं: एवढ्या पेट्या त्या शहरात होत्या कुठे, आणि त्यांच्यावर ड्यूटीला कोण होतं?